पडद्यामागचे ब्राउन

ज्या वस्तूने आपल्या घरांतल्या संध्याकाळी तीस-चाळीस वर्षे व्यापून टाकल्या, तिच्या जनकाचे नाव विचारले तर मराठी घरात बहुतेकांना ते सांगता येणार नाही. टीव्हीच्या पोटातली ती जड, पुढे रुंद आणि मागे निमुळती होत जाणारी काचेची नळी आपल्याकडे ‘पिक्चर ट्यूब’ म्हणून ओळखली गेली. जर्मनीत मात्र तिला ब्राउन यांची नळी म्हणतात. जपानी आणि कोरियन भाषांतही तिचे नाव ब्राउन यांच्यावरूनच पडले आहे. हे ब्राउन म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राउन. १९०९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, पण ते या नळीसाठी नव्हे. त्यांच्या आयुष्यातल्या अशा विसंगतींमुळेच मला त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

ब्राउन यांच्यापर्यंत मी पोहोचलो तो एका लहानशा स्क्रूमुळे. बँकांत संगणक आले त्या काळात मी एका शाखेत अधिकारी होतो. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला आणि पुढच्या काही वर्षांत जाडजूड लेजरांच्या शेजारी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारे मॉनिटर येऊन बसले. दोन-चार वर्षांत त्यांची अक्षरे पुसट होत. इंग्रजी तीनचा आकडा आठसारखा दिसू लागे, आणि खात्यातल्या शिलकेच्या बाबतीत हा फरक लहान नसतो. मग मेकॅनिक येई, मागचे झाकण उघडी, आत कुठेतरी एक खुंटी किंचित फिरवी आणि आकडे पुन्हा लख्ख दिसू लागत. त्या खुंटीशेजारी ‘फोकस’ असे लिहिलेले असे. ही खुंटी नेमके काय करते आणि ती पहिल्यांदा कुणाला सुचली, हे कुतूहल मनात राहिले. निवृत्तीनंतर त्याचा माग काढत गेलो तेव्हा ब्राउन भेटले.

त्यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतल्या फुल्दा या गावी झाला. वडील न्यायालयात कारकून होते. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण मुलाला वर्षानुवर्षे संशोधन करू देण्याइतकी ऐपतही नव्हती. ही परिस्थिती आपल्या मध्यमवर्गीय वाचकांना समजावून सांगायला नको. फर्डिनांड मारबुर्गला आणि मग बर्लिनला शिकले. १८७२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि तिचा विषय होता तारांची कंपने. त्यानंतर वुर्झबुर्ग इथे एका प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून ते काम करू लागले, पण पगार तुटपुंजा होता. विद्यापीठातली कायमची जागा मिळायला किती वर्षे लागतील याचा नेम नव्हता. तेव्हा त्यांनी माध्यमिक शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८७४ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले. संगीतकार बाख यांनी पूर्वी जिथे मुलांना गाणे शिकवले, तीच ही शाळा.

शाळामास्तर झाला म्हणजे माणसाचे संशोधन संपले, असे मानण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ब्राउन यांच्या बाबतीत उलट घडले. त्याच १८७४ साली त्यांनी धातूंच्या गंधकयुक्त खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गॅलेनासारख्या स्फटिकावर तारेचे टोक टेकवून वीज सोडली तर ती एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने अडते, असे त्यांच्या ध्यानात आले होते. वीज दोन्हीकडून सारखीच वाहायला हवी असे तोवरचे नियम सांगत. त्यामुळे अनेकांचा या निष्कर्षावर विश्वास बसला नाही आणि त्याचा काही उपयोगही कुणाला दिसेना. उपयोग दिसायला पाव शतक गेले. बिनतारी लहरी पकडायला कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाचाच स्फटिक वापरला आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. आज मोबाइलच्या चार्जरमध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारे जे डायोड असतात, त्यांच्या वंशावळीत लाइपझिगच्या त्या मास्तरांचे नाव बरेच वर आहे. त्याच सुमारास त्यांनी मुलांसाठी गणित आणि विज्ञानाच्या गमतींचे एक पुस्तकही लिहिले.

१८७७ पासून मात्र विद्यापीठांची दारे उघडत गेली. मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्लसरूह, ट्युबिंगेन अशा त्यांच्या बदल्या होत राहिल्या. ट्युबिंगेनला त्यांनी पदार्थविज्ञानाची नवी संस्था उभी केली. १८८५ साली अमेली ब्यूलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या. १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्गला पदार्थविज्ञान संस्थेचे संचालक म्हणून परतले. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्याच वर्षी रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि युरोपातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत निर्वात नळ्यांचे वेड शिरले. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत विजेचा मोठा दाब दिला की ऋण टोकाकडून अदृश्य किरण निघतात, हे आधीपासून माहीत होते. ते किरण म्हणजे नेमके काय, यावर वाद चालू होता. इंग्लंडमध्ये थॉमसन १८९७ साली त्याचा उलगडा करत होते. ब्राउन यांचा प्रश्न वेगळा होता. घराघरांत येऊ लागलेला उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सेकंदाला पन्नास वेळा आपली चाल पुरी करतो. त्याची ही चाल डोळ्यांनी कशी पाहायची? कोणत्याही मापकाचा काटा इतक्या वेगाने हलू शकत नाही, कारण काट्याला वजन असते. किरणाला मात्र जवळपास वजनच नाही. मग किरणालाच काटा का करू नये?

बॉनच्या एका काच-कारागिराकडून त्यांनी पेअरच्या फळासारखी, लांब मानेची नळी करून घेतली. मानेत एक बारीक छिद्र असलेली पट्टी बसवली, म्हणजे किरणांचा फक्त मधला झोत पुढे जाईल. रुंद टोकाला अभ्रकाचा, प्रकाशणारे द्रव्य लावलेला पडदा ठेवला. झोत तिथे आदळला की ठिपका चमकून उठे. मानेशेजारी तारेचे वेटोळे ठेवून त्यातून प्रवाह सोडला की ठिपका खालीवर नाचू लागे. हे नाचणे समोरच्या फिरत्या आरशात पाहिले म्हणजे त्याची लाट उलगडून दिसे. १८९७ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे सारे लिहून काढले आणि ते त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. वीज वाहताना कशी दिसते हे माणसाला आता समोर पाहता येऊ लागले.

या नळीचे पेटंट ब्राउन यांनी घेतले नाही. तिची रचना छापून टाकली आणि ज्याला हवी त्याने ती बनवावी, वापरावी, सुधारावी यासाठी ती मोकळी सोडली.

सुधारण्याजोगे तिच्यात बरेच होते, आणि पहिली गोष्ट म्हणजे तो ठिपकाच. ब्राउन यांचा ठिपका पुसट होता. छिद्र असलेली पट्टी किरणांना फक्त गाळते. चाळणी करते तसे नको ते अडवते, उरलेल्यांना एकत्र आणत नाही. छिद्र मोठे ठेवले तर ठिपका पसरतो, लहान केले तर उजेड कमी होतो. शिवाय सगळे किरण ऋण विजेचे असल्याने वाटेत एकमेकांना दूर लोटतात. उन्हात भिंग धरून कागदावर ठिणगी पाडण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. तसे किरणांसाठी एखादे भिंग हवे होते. पण या किरणांना काचेचे भिंग चालत नाही.

ते भिंग सापडायला बरेच हात लागले. १८९९ साली ब्राउन यांचे साहाय्यक योनाथन झेनेक यांनी फिरत्या आरशाच्या जागी दुसरे वेटोळे आणले आणि ठिपका पडद्यावरच आडवा धावू लागला. त्याच वर्षी एमिल विशर्ट यांनी नळीच्या मानेभोवती वेटोळे गुंडाळून झोत आवळता येतो हे दाखवले. वेनेल्ट यांनी तापवलेल्या तारेपासून किरण मिळवले, त्यामुळे प्रचंड दाबाची गरज कमी झाली. १९२६ मध्ये हान्स बुश यांनी गणिताने सिद्ध केले की चुंबकाचे वेटोळे किरणांवर हुबेहूब भिंगासारखे काम करते. मग विजेच्या दाबानेही तसेच भिंग करता येऊ लागले. त्या भिंगांवरूनच क्नोल आणि रुस्का या दोघांनी १९३१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट धरली. त्या वाटेने पुढे विषाणू दिसू लागले.

इथे आमच्या पिंप्राळ्यातल्या एका रेडिओ-टीव्ही मेकॅनिकांची आठवण सांगायला हवी. आता ते हयात नाहीत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. पिंप्राळा आज जळगाव महापालिकेत आहे, पण तेव्हा ते आपल्या रथोत्सवाच्या आणि रेल्वे फाटकाच्या ओळखीवर राहणारे वेगळे गाव वाटे. १९८७ साली रविवार सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि अण्णांच्या दुकानात शनिवारी रात्रीपर्यंत सेट येत राहिले. पुढे संगणकांचे मॉनिटरही येऊ लागले. मी त्यांना खुंटीचे कोडे विचारले, तेव्हा त्यांनी एक मॉनिटर उघडून सारे समजावले.

मॉनिटरच्या मागे, काळ्या डबीसारखा एक ट्रान्सफॉर्मर असतो. दुरुस्तीवाले त्याला ईएचटी म्हणत. पडद्याला लागणारा वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब तिथे तयार होतो. त्याच्या अंगावर दोन खुंट्या असतात. बहुधा वरची फोकसची आणि खालची ‘स्क्रीन’ची. खालचीने उजेड कमीजास्त होतो, ती उगाच फिरवायची नाही. वरचीने नळीच्या मानेतल्या एका धातूच्या नळकांड्याला मिळणारा पाच-सात हजार व्होल्टचा दाब बदलतो. तेच विजेचे भिंग. दाब बरोबर असला की झोत नेमका पडद्यावर येऊन मिळतो. कमी-जास्त झाला की तो पडद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे मिळतो आणि अक्षराला केस फुटल्यासारखे दिसते.

अण्णांच्या कामाची रीत ठरलेली होती. मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवायचा, कारण थंड नळीवर साधलेला फोकस तापल्यावर सरकतो. पडदाभर बारीक अक्षरे भरायची. मधले अक्षर लख्ख करायचे, मग चारही कोपरे पाहायचे. कोपऱ्यापर्यंत किरणाला लांबचा पल्ला पडतो, त्यामुळे मध्य अगदी धारदार केला तर कडा पुसट होतात. महागड्या मॉनिटरमध्ये ठिपका कडेला जाताना दाब आपोआप बदलण्याची सोय असे, साध्यांत नसे. मग अण्णा मध्य आणि कोपरा यांच्या मधल्या जागी खुंटी आणून सोडत. काम लांब प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, एका हाताने चाले. दुसरा हात ते पाठीमागे धरत. सेट बंद केल्यावरही नळीत जीवघेणा दाब राहतो, म्हणून घरच्या कुणी असले धाडस करू नये असे ते बजावत. पावसाळ्यात एखादा मॉनिटर सुरू करताना धूसर असे आणि दहा मिनिटांनी आपोआप स्वच्छ होई. तेव्हा ते खुंटीला हातच लावत नसत. मानेवरच्या सॉकेटमध्ये ओल धरली आहे, सॉकेट बदला, एवढेच सांगत.

बुश यांचे गणित अण्णांनी वाचले नव्हते. पण स्ट्रासबुर्गला जो ठिपका पुसट राहिला होता, तो रोज नेमका बसवण्याचे काम पिंप्राळ्यात त्यांच्या हातून होत होते. पेटंट न घेतलेली वस्तू किती लांबवर आणि किती हातांत जाते, हे मला तिथे कळले.

आता ब्राउन यांच्या दुसऱ्या कामाकडे वळू. त्याचा हिशेब निराळा आहे. बिनतारी संदेशासाठी मार्कोनी विजेची ठिणगी थेट उंच तारेतच पाडत. त्यामुळे लहर लवकर विझे आणि अंतर वाढत नसे. ब्राउन यांनी १८९८ च्या सुमारास ठिणगीचे मंडल वेगळे केले आणि तिथली शक्ती वेटोळ्यांच्या जोडीतून उंच तारेकडे पोचवली. लहर जोरकस झाली, ठरावीक सुरात बांधता येऊ लागली. १९०० साली उत्तर समुद्रात कुक्सहाफेन ते हेल्गोलांड बेट असे साठ किलोमीटरहून अधिक अंतर संदेशांनी पार केले. ही युक्ती मात्र पेटंटमध्ये बांधली गेली. भोवती कंपन्या उभ्या राहिल्या आणि १९०३ साली त्यांतूनच टेलिफुंकन ही मोठी जर्मन कंपनी आकाराला आली. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळून दिले गेले ते बिनतारी संदेशवहनासाठी. मार्कोनी तेव्हा पस्तिशीचे होते, ब्राउन एकोणसाठ वर्षांचे.

बिनतारीवरच्या हक्कानेच पुढे ब्राउन यांना घराबाहेर ओढले. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ सेव्हिल इथे टेलिफुंकनचे बिनतारी केंद्र होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीला अमेरिकेशी जोडणारा तो मोलाचा दुवा ठरला. मार्कोनी यांच्या कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला. तो जर्मनीच्या विरुद्ध गेला तर केंद्र बंद पडण्याची भीती होती. साक्ष द्यायला १९१४ च्या अखेरीस ब्राउन समुद्रमार्गे निघाले. सोबत झेनेक होते. ब्राउन चौसष्ट वर्षांचे होते, प्रकृती ठीक नव्हती आणि समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा होता. तरी ते गेले.

खटला लांबत राहिला. परतीची वाट युद्धाने बंद झाली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि नोबेल मिळवलेला हा वृद्ध प्राध्यापक एका दिवसात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. झेनेक यांना पुढे स्थानबद्ध केले गेले. ब्राउन ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी राहिले. २० एप्रिल १९१८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. युद्ध संपायला अजून सात महिने होते. ते संपले तेव्हा त्यांचे स्ट्रासबुर्गही जर्मनीचे राहिले नाही, ते फ्रान्सकडे गेले. ज्या संस्थेत तो ठिपका पहिल्यांदा चमकला, तिथे परतणे त्यांना जिवंत असते तरी शक्य झाले नसते. नंतर त्यांची रक्षा जन्मगावी फुल्दाला नेण्यात आली.

बिनतारीच्या हक्कांचे भांडण दोघांच्याही मागे उरले. मार्कोनी यांच्या एका महत्त्वाच्या अमेरिकी पेटंटमधले मुख्य दावे १९४३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले. तेव्हा मार्कोनींना जाऊन सहा वर्षे झाली होती.

आयुष्यभर जमा-नावे पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब विचार करायला लावतो. पेटंट वाईट असे मी म्हणणार नाही. संशोधकाला त्याच्या कष्टाचे मोल मिळायला हवे, आणि बिनतारी केंद्रे उभी करायला लागणारा पैसा हक्कांच्या भरवशाशिवाय कुणी घातला नसता. पण ब्राउन यांनी जे मोकळे सोडले त्याचे काय झाले तेही पाहावे. १९०६ साली त्यांच्याच संस्थेतले माक्स डीकमन यांनी एका सहकाऱ्यासह या नळीवर आकृत्या उमटवल्या. १९०७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रोझिंग यांनी चित्रे पाठवण्यासाठी तिच्यावर काम सुरू केले. त्यांचेच शिष्य झ्वोरिकिन यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत चित्रनळी दाखवली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले तेव्हा, इस्पितळात हृदयाचे ठोके पडद्यावर धावले तेव्हा, आमच्या शाखेत शिलकेचे आकडे हिरवे उजळले तेव्हा, नळी हीच होती. तिच्यावर ब्राउन यांना काही मिळाले नाही. तिच्यामुळे त्यांना परदेशातल्या कोर्टाची वाट मात्र धरावी लागली नाही.

आता सपाट पडदे आले आणि काचेच्या नळ्या बनणे जवळजवळ थांबले. क्ष-किरण अडवण्यासाठी त्यांच्या काचेत शिसे मिसळलेले असते, म्हणून भंगारवालाही त्या घ्यायला कुरकुरतो. आजच्या मुलांना फोकसची खुंटी माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. मोबाइलवरचे अक्षर जन्मतःच धारदार असते.

फुल्दामध्ये आज ब्राउन यांच्या नावाची एक शाळा आहे. ती विद्वानांची संस्था नाही. आपल्याकडच्या आयटीआयच्या जवळची ती तंत्रशाळा आहे. हातात पेचकस घेऊन शिकणारी मुले तिथून बाहेर पडतात. शाळामास्तर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाचे यापेक्षा योग्य स्मारक मला तरी सुचत नाही.